हॅलेचा धूमकेतू सगळ्यांना माहीत आहे, पण हॅलेचा सर्व्हे?

आजच्या लेखात आपण एका माणसाची गोष्ट बघणार आहोत. आपला फोन आज जे काम कुणालाही न विचारता दर सेकंदाला करतो, तेच काम या माणसाने आयुष्यभर हाताने केलं. काम असं आहे: एखादी गोष्ट मोजायची, आणि ती कुठे मोजली व कधी मोजली हे त्याच ओळीत लिहून ठेवायचं. माणसाचं नाव एडमंड हॅले. हो, धूमकेतूवालाच.

पण हॅलेकडे मी कसा पोचलो ते आधी सांगतो. कारण त्यात माझीच एक चूक आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दोनेक वर्षांपूर्वी एका छोट्या टीमसाठी मी एक ॲप लिहिलं. काम धुळे जिल्ह्यातलं होतं. तिकडे बेसाल्टच्या कातळात डाइक नावाच्या उभ्या दगडी भिंती जमिनीखाली मैलोन्‌मैल गेलेल्या आहेत. काही वर दिसतात, काही मातीखाली दडलेल्या असतात. जमिनीतलं पाणी अशा भिंतीला अडतं, त्यामुळे भिंतीच्या कोणत्या बाजूला बोअर घ्यायची हे फार महत्त्वाचं. भिंत शोधायला मॅग्नेटोमीटर वापरतात. हे यंत्र पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मोजतं. आपल्याकडे ते साधारण ४० ते ४५ हजार नॅनोटेस्ला असतं, आणि डाइकवरून चालत गेलं की आकडा एकदम वरखाली होतो.

एक जण यंत्र घेऊन शेतातून सरळ रेषेत चालणार, पुढच्या रेषेने परत येणार, असं मागेपुढे. पाठीवर जीपीएस रिसीव्हर. यंत्राच्या फाइलमध्ये आकडा आणि वेळ, जीपीएसच्या फाइलमध्ये जागा आणि वेळ. माझं काम एवढंच की वेळ जुळवून दोन्ही फाइली एकत्र करायच्या. अगदी सोपं वाटलं होतं.

नकाशा काढला तर डाइक सरळ रेषेत दिसायच्या ऐवजी करवतीच्या दातांसारखी दिसायला लागली. एका रेषेवर दक्षिणेला सरकलेली, पुढच्या रेषेवर उत्तरेला. टीममधले भूगर्भशास्त्राचे सर स्क्रीनकडे बघून म्हणाले, जमीन अशी नसते, तुझी वेळ चुकली आहे. आणि तसंच होतं. जीपीएसची स्वतःची वेळ आपल्या नेहमीच्या जागतिक वेळेच्या १८ सेकंद पुढे असते, कारण जीपीएसच्या घड्याळात लीप सेकंद धरत नाहीत. माझ्या एका फाइलमध्ये एक वेळ होती, दुसरीत दुसरी. सेकंदाला साधारण एक मीटर चालणारा माणूस १८ सेकंदांत १८ मीटर जातो. म्हणजे प्रत्येक आकडा १८ मीटर चुकीच्या जागी बसला होता.

पहिल्या दिवशी एकाच रेषेच्या आकड्यांवरून आम्ही शेतात चुन्याची खूण करून आलो होतो. बोअरची गाडी दोन दिवसांनी यायची होती. शेतमालक काकांनी त्यासाठी पैसे जमवून ठेवले होते. आम्ही परत गेलो, खूण पुसली आणि नवीन केली. नवी खूण भिंतीच्या दुसऱ्या बाजूला होती. काकांनी फक्त विचारलं, आता तरी नक्की ना? त्या प्रश्नाने मला बरेच दिवस झोप लागू दिली नाही. मग हे काम पूर्वी लोक कसं करायचे हे शोधायला लागलो आणि हॅले सापडला.

शाळकरी मुलगा आणि होकायंत्र

हॅलेचा जन्म १६५६ सालचा, लंडनजवळच्या हॅगर्स्टनचा. जन्मतारीख दोन प्रकारे लिहिलेली सापडते, २९ ऑक्टोबर आणि ८ नोव्हेंबर. दोन्ही बरोबर आहेत. तेव्हा इंग्लंड जुनं ज्युलियन कॅलेंडर वापरायचं आणि युरोपातले बरेच देश नवं ग्रेगोरियन. दोन्हींत १० दिवसांचा फरक होता. १७०० सालच्या फेब्रुवारीनंतर तो ११ दिवसांचा झाला. म्हणजे माझ्या १८ सेकंदांसारखाच गोंधळ, फक्त मोठा.

वडील साबणाच्या धंद्यातले, पैसेवाले. मुलगा सेंट पॉल्स शाळेत. गणित आणि आकाशाचं वेड. १६७२ साली, शाळेत असतानाच, त्याने लंडनमध्ये होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून किती ढळते ते मोजलं. उत्तर आलं अडीच अंश पश्चिमेला.

इथे एक गोष्ट समजून घेऊ. होकायंत्राची सुई बहुतेक ठिकाणी बरोबर उत्तरेला नसते. पृथ्वीचा चुंबकीय ध्रुव आणि भौगोलिक ध्रुव एका जागी नाहीत, आणि पोटातलं क्षेत्रही सगळीकडे सारखं नाही. त्यामुळे सुईची उत्तर आणि खरी उत्तर यांत एक कोन पडतो. त्याला दिक्पात म्हणतात. हा कोन जागेप्रमाणे बदलतो. शिवाय एकाच जागी वर्षांप्रमाणेही बदलतो. लंडनमध्येच १५८० च्या सुमारास सुई ११ अंशांहून जास्त पूर्वेला होती, आणि हॅलेच्या वेळेपर्यंत पश्चिमेला गेली होती.

म्हणजे दिक्पाताचा नुसता आकडा कुणाच्या कामाचा नाही. अडीच अंश, ठीक आहे, पण कुठे? आणि कोणत्या वर्षी? जागा आणि वेळ नसेल तर तो आकडा कचरा आहे. हॅलेला हे सोळाव्या वर्षी कळलं होतं. मला सत्ताविसाव्या वर्षी, चुन्याची खूण पुसताना कळलं.

डिग्री सोडून बेटावर

१६७३ मध्ये हॅले ऑक्सफर्डला गेला. तीन वर्षांनी, डिग्री पूर्ण व्हायच्या आधीच, तो तिथून निघाला. कारण असं की उत्तर गोलार्धातले तारे मोजायला ग्रिनिचला नवी वेधशाळा झाली होती, पण दक्षिणेकडच्या ताऱ्यांची नीट यादीच नव्हती. हॅलेने वडिलांकडून वर्षाचे पैसे ठरवून घेतले, राजाची शिफारस मिळवली आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजातून दक्षिण अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटावर गेला. वय वीस.

बेटावर हवा खराब. महिनोन्‌महिने ढग. तरी त्याने ३४१ ताऱ्यांच्या जागा मोजल्या. परत आल्यावर ती यादी छापली आणि १६७८ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. ऑक्सफर्डनेही मग राजाच्या सांगण्यावरून डिग्री दिली.

हे काम नाविकांसाठी होतं. समुद्रात रस्ता नसतो, पाटी नसते. जहाज कुठे आहे हे आकाशातूनच वाचावं लागतं. दक्षिणेच्या ताऱ्यांचे पत्ते नसतील तर दक्षिणेच्या समुद्रात आपला पत्ताही नीट सापडत नाही.

न्यूटनचं पुस्तक आणि वाऱ्यांचा नकाशा

१६८४ मध्ये हॅले केंब्रिजला जाऊन न्यूटनला भेटला. ग्रहांच्या कक्षांबद्दल त्याला एक प्रश्न होता. न्यूटनने उत्तर आधीच काढलेलं होतं, पण कागद सापडत नव्हता. हॅलेने त्याच्यामागे लागून सगळं लिहायला लावलं. त्यातून प्रिन्सिपिया हा ग्रंथ झाला. रॉयल सोसायटीकडे तेव्हा छपाईला पैसे नव्हते, माशांवरच्या एका मोठ्या पुस्तकात अडकले होते. हॅलेने स्वतःच्या खिशातून खर्च केला आणि १६८७ मध्ये पुस्तक बाहेर आलं. सोसायटीने हॅलेला पगाराऐवजी त्याच माशांच्या पुस्तकाच्या प्रती दिल्या.

त्याच काळात, १६८६ मध्ये, त्याने आणखी एक गोष्ट केली जी आपल्या जवळची आहे. खलाशांच्या नोंदी गोळा करून त्याने व्यापारी वारे आणि मोसमी वारे यांचा नकाशा काढला. कोणत्या समुद्रात वारा कुठून कुठे वाहतो हे छोट्या रेघांनी दाखवलं. त्यात हिंदी महासागर होता, म्हणजे आपला मान्सूनही. वारे उष्णतेमुळे वाहतात हे त्याने बरोबर सांगितलं, काही तपशील चुकले. आज आपण फोनवर वाऱ्याचे बाण हलताना बघतो, त्या प्रकारच्या नकाशांची सुरुवात इथली.

दिक्पाताचा विषय त्याने सोडला नव्हता. १६८३ मध्ये आणि पुन्हा १६९२ मध्ये त्याने पृथ्वीच्या चुंबकत्वावर लेख लिहिले. दिक्पात का बदलतो? त्याचा अंदाज असा, की पृथ्वी आतून पोकळ आहे, आत आणखी एक गोळा आहे आणि तो किंचित वेगळ्या गतीने फिरतो. पोकळ पृथ्वी चुकीची निघाली. पण अंदाज बरोबर की चूक हे ठरवायला जगभरच्या नोंदी हव्या होत्या, आणि ज्या होत्या त्यांचा भरवसा नव्हता. कारण त्यांच्या जागाच धड माहीत नव्हत्या.

समुद्रात आपण कुठे आहोत?

जागेसाठी दोन आकडे लागतात, अक्षांश आणि रेखांश. अक्षांश तुलनेने सोपा. दुपारी सूर्य किती वर आहे ते मोजा, तारखेप्रमाणे गणित करा, झालं.

रेखांश मात्र वेळेचा प्रश्न आहे. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे चार मिनिटांत एक अंश. तुमच्या जागी दुपारचे बारा वाजले असताना लंडनमध्ये किती वाजलेत हे कळलं तर रेखांश कळला. पण लंडनची वेळ समुद्रात कशी कळणार? डुलणाऱ्या जहाजावर आठवडेच्या आठवडे बरोबर चालणारं घड्याळ तेव्हा नव्हतं. घड्याळ एक मिनिट चुकलं तर विषुववृत्तावर जागा सुमारे २८ किलोमीटर चुकते. एवढ्यात जहाज खडकावर जाऊ शकतं, आणि जायचीही.

मग नाविक अंदाज करायचे. लाकडाची फळी दोरीला बांधून पाण्यात टाकायची. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी. अर्ध्या मिनिटाचं वाळूचं घड्याळ उलटं करायचं आणि तेवढ्यात किती गाठी हातातून गेल्या ते मोजायचं. तो झाला वेग. जहाजाचा वेग आजही नॉटमध्ये सांगतात, नॉट म्हणजे गाठ. मग वेग, दिशा आणि गेलेला वेळ यांवरून कालच्या जागेपासून आजची जागा काढायची.

तुमचा फोन बोगद्यात गेल्यावर हेच करतो. सिग्नल नसला तरी नकाशावरचा निळा ठिपका थोडा वेळ पुढे सरकत राहतो. शेवटची जागा, वेग आणि दिशा यांवरून फोन अंदाज बांधतो. अडचणही तीच. चूक साठत जाते. फोनला बोगद्याबाहेर आल्यावर उपग्रह भेटतात. हॅलेच्या जहाजाला महिनाभर काहीच भेटायचं नाही.

पॅरामोर: मोजण्यासाठी बांधलेलं जहाज

हॅलेने ठरवलं की नोंदी आपणच घ्यायच्या. इंग्लंडच्या नौदलाने त्यासाठी एक छोटं जहाज बांधलं, पॅरामोर. लांबी ५२ फूट, म्हणजे आपल्या दोन मोठ्या एसटी बसपेक्षाही कमी. आणि कप्तान केलं हॅलेला, जो नौदलातला नव्हताच. निव्वळ शास्त्रीय मोजमापासाठी सरकारी खर्चाने निघालेल्या पहिल्या सफरींमध्ये हिची गणना होते.

ऑक्टोबर १६९८ मध्ये पॅरामोर लंडनजवळच्या डेप्टफर्डहून निघालं. सुरुवातीलाच गळती लागली, दुरुस्तीला थांबावं लागलं. पण खरी अडचण जहाजावरच्या माणसाची होती. हॅलेचा लेफ्टनंट होता एडवर्ड हॅरिसन. त्याने काही वर्षांपूर्वी रेखांश काढण्यावर पुस्तक लिहिलं होतं आणि ते तपासणाऱ्यांनी नाकारलं होतं. तपासणाऱ्यांत हॅले होता. हॅलेच्या हे लक्षातच नव्हतं.

हॅरिसन आज्ञा मोडायला लागला, खलाशांसमोर कप्तानाचा अपमान करायला लागला, या माणसाला जहाज चालवता येत नाही असं म्हणायला लागला. वेस्ट इंडीजच्या बाजूला प्रकरण हाताबाहेर गेलं. तेव्हा हॅलेने हॅरिसनला त्याच्या खोलीत बंद केलं, जहाजाचा मार्ग स्वतः काढला आणि पॅरामोर सुखरूप इंग्लंडला परत आणलं. जमत नाही म्हणणाऱ्याला यापेक्षा चांगलं उत्तर नाही. लष्करी न्यायालयात मात्र अधिकाऱ्यांना फक्त समज देऊन सोडलं.

दुसरी सफर

सप्टेंबर १६९९ मध्ये तो पुन्हा निघाला. या वेळी त्या लेफ्टनंटशिवाय.

दिवसाचं काम कसं असेल बघा. सूर्य उगवताना होकायंत्रावर त्याची दिशा वाचायची. त्या अक्षांशावर त्या तारखेला सूर्य खरा कुठे उगवायला हवा हे गणिताने काढायचं. दोन्हींतला फरक म्हणजे दिक्पात. संध्याकाळी सूर्य मावळताना पुन्हा तेच. दुपारी अक्षांश. अधूनमधून गाठींच्या दोरीने वेग. रात्री आकाश स्वच्छ असेल आणि चंद्र एखाद्या ताऱ्याजवळून जात असेल तर दुर्बिणीने ती वेळ टिपायची. चंद्र ताऱ्यांमधून तासाला साधारण अर्धा अंश सरकतो, म्हणजे तो आकाशातला काटाच. त्यावरून रेखांश तपासायचा आणि साठलेली चूक दुरुस्त करायची. मग सगळं एका वहीत: तारीख, अक्षांश, रेखांश, दिक्पात, हवा.

एक ओळ, त्यात सगळे रकाने. आपण आज डेटाबेसमध्ये रो म्हणतो ती हीच.

सफर सुरू होऊन थोडेच दिवस झाले असताना मॅनली व्हाइट नावाचा पोरगा जहाजावरून समुद्रात पडला. वाचवता आलं नाही. हॅलेला पुढे आयुष्यभर हा प्रसंग सांगताना रडू यायचं, असं सांगतात. नोंदवहीमागे माणसं होती हे विसरून चालत नाही.

रिओ द जानेरोहून तो दक्षिणेला गेला. फेब्रुवारी १७०० च्या सुरुवातीला पॅरामोर ५२ अंश दक्षिण अक्षांशाच्याही खाली पोचलं. थंडी, दाट धुकं. पुढे सपाट माथ्याची पांढरी बेटं दिसली. जवळ गेल्यावर कळलं की ती बेटं नाहीत, बर्फ आहे. अंटार्क्टिकातले सपाट हिमनग. धुक्यात छोटं लाकडी जहाज त्यांच्यामध्ये सापडलं आणि थोडक्यात वाचलं. हॅलेने उत्तरेचा रस्ता धरला, पण त्या दिवसांच्याही नोंदी वहीत आहेत.

परतीच्या वाटेवर तो सेंट हेलेनाला थांबला, जिथे विशीत तारे मोजले होते. पुढे ब्राझीलच्या किनाऱ्यावर तिथल्या इंग्रज प्रतिनिधीला तो चाचा वाटला आणि त्याने चक्क अटक करून जहाजाची झडती घेतली. इतकं छोटं जहाज, माल नाही, आणि कप्तान म्हणतो मी होकायंत्राची सुई मोजत फिरतोय. संशय येणारच. न्यूफाउंडलंडजवळ इंग्रज कोळ्यांनीही चाचे समजून त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. सप्टेंबर १७०० मध्ये पॅरामोर घरी पोचलं.

सर्व्हेच्या कामात लोक संशयाने बघतात हे अजूनही आहे. शेतात मॅग्नेटोमीटर घेऊन फिरताना, गुप्तधन शोधताय का, हा प्रश्न आम्हाला रोज यायचा.

आकड्यांचा नकाशा झाला

दोन सफरींत मिळून दिक्पाताच्या शंभराहून जास्त नोंदी झाल्या. त्या नुसत्या तक्त्यात छापल्या असत्या तर किती जणांनी वाचल्या असत्या? हॅलेने त्या अटलांटिकच्या नकाशावर मांडल्या आणि ज्या ज्या ठिकाणी दिक्पात सारखा, ती ठिकाणं वाकड्या रेषांनी जोडली. १७०१ मध्ये हा नकाशा छापून निघाला. पाठोपाठ जगाचा नकाशाही आला.

समान आकड्यांच्या जागा रेषेने जोडायची ही पद्धत आज सगळीकडे आहे. हवामानाच्या नकाशावर समान दाबाच्या रेषा, ट्रेकच्या नकाशावर समान उंचीच्या रेषा. छापील नकाशांत हे रूढ करणाऱ्यांत हॅले पहिला. बराच काळ अशा रेषांना त्याच्याच नावाने ओळखत.

नाविकाला फायदा सरळ होता. आपण साधारण कुठे आहोत ते बघा, नकाशावरची रेषा वाचा आणि होकायंत्रात तेवढी दुरुस्ती करा. काही समुद्रांत, जिथे रेषा उत्तर-दक्षिण जातात, तिथे उलटंही करता येईल असं हॅलेला वाटायचं: दिक्पात मोजा आणि त्यावरून रेखांशाचा अंदाज घ्या.

आणि त्याने एक प्रामाणिक गोष्ट केली. हा दिक्पात हळूहळू बदलत राहतो, त्यामुळे नकाशा पुढे बदलावा लागेल, असं त्याने स्वतःच नोंदवून ठेवलं. म्हणजे नकाशाला एक्स्पायरी डेट आहे हे नकाशा बनवणाराच सांगतोय.

ग्रहण, चंद्र आणि धूमकेतू

१७०४ मध्ये हॅले ऑक्सफर्डला भूमितीचा प्राध्यापक झाला. १७१५ च्या वसंतात इंग्लंडमधून खग्रास सूर्यग्रहण दिसणार होतं. हॅलेने सावलीचा पट्टा कुठून जाणार याचा नकाशा आधीच छापला आणि देशभरच्या लोकांना विनंती केली की अंधार किती वेळ राहिला ते मोजून आम्हाला कळवा. लोकांनी कळवलं. त्याचं भाकीत साधारण चार मिनिटांच्या आत बरोबर आलं आणि लोकांच्या नोंदींवरून त्याने पट्टा दुरुस्त करून नवा नकाशा काढला. आज ट्रॅफिकचा लाल रस्ता आपल्या सगळ्यांच्या फोनवरून येणाऱ्या जागा आणि वेळा मिळून तयार होतो. ही कल्पना त्याच जातीची.

१७२० मध्ये तो ग्रिनिचच्या वेधशाळेचा प्रमुख, राजज्योतिषी झाला. तिथे गेल्यावर वेधशाळा रिकामी. आधीच्या राजज्योतिष्याची उपकरणं त्याच्या घरच्यांनी नेली होती. हॅलेने पुन्हा सगळं उभं केलं आणि चंद्राच्या नोंदी सुरू केल्या. चंद्राच्या हालचालींचं एक चक्र १८ वर्षांचं असतं, ते पूर्ण मोजायचं असं ठरवलं. वय तेव्हा साठीच्या पुढे. त्याने ते चक्र पूर्ण केलं. उद्देश तोच जुना: चंद्र कुठे असेल हे नेमकं सांगता आलं तर समुद्रात रेखांश मिळेल.

याच काळात जॉन हॅरिसन नावाचा सुतारकाम करणारा एक माणूस समुद्रात चालेल अशा घड्याळाची योजना घेऊन त्याच्याकडे आला. हा जहाजावरचा हॅरिसन नव्हे, वेगळा. हॅलेचा स्वतःचा भर चंद्रावर होता, तरी त्याने या माणसाला हाकललं नाही. चांगल्या घड्याळजीकडे, जॉर्ज ग्रॅहॅमकडे, पाठवलं. शेवटी रेखांशाचा प्रश्न सोडवण्यात हॅरिसनच्या घड्याळांचा मोठा वाटा ठरला.

आणि धूमकेतू. १७०५ मध्ये हॅलेने दाखवून दिलं की १५३१, १६०७ आणि १६८२ साली दिसलेले धूमकेतू तीन नाहीत, एकच आहे, आणि तो १७५८ च्या सुमारास परत येईल. हे त्याला कसं जमलं? आधीच्या लोकांनी धूमकेतू आकाशात कुठे आणि कधी दिसला हे नीट लिहून ठेवलं होतं म्हणून. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या अनोळखी माणसांनी जागा आणि वेळ लिहिली नसती, तर न्यूटनच्या गणितालाही काही करता आलं नसतं.

जानेवारी १७४२ मध्ये, ८५ वर्षांचा होऊन, हॅले गेला. धूमकेतू परत आलेला त्याने पाहिला नाही. १७५८ च्या नाताळात तो पुन्हा दिसला.

आता आपल्या फोनकडे

फोनमधलं कंपास ॲप उघडा. आत एक छोटा मॅग्नेटोमीटर आहे, तो चुंबकीय उत्तर शोधतो. सेटिंगमध्ये खरी उत्तर हा पर्याय असेल तर फोन तुमची जागा आणि तारीख घेतो, जगाच्या चुंबकीय मॉडेलमधून तिथला दिक्पात काढतो आणि दुरुस्ती करतो. हे मॉडेल साधारण दर पाच वर्षांनी नवीन काढावं लागतं, कारण क्षेत्र बदलत राहतं. हॅलेच्या नकाशाची एक्स्पायरी अजून लागू आहे. महाराष्ट्रात सध्या दिक्पात एका अंशाच्या आतच आहे, म्हणून आपल्याला फरक जाणवत नाही.

आपल्याकडेही ही मोजमापं जुनी आहेत. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी सुरू झाल्या. पुढे शहरात विजेवरच्या ट्राम येणार म्हणून, त्यांच्या प्रवाहाने आकडे बिघडू नयेत यासाठी, १९०४ मध्ये हे काम अलिबागला हलवलं. तिथे आजही नोंदी घेतल्या जातात. अलिबागला फिरायला गेलात तर समुद्राबरोबर हेही लक्षात असू द्या.

माझ्या ॲपमध्ये मी आता तीन गोष्टी केल्या आहेत. प्रत्येक आकड्याबरोबर वेळ कोणत्या घड्याळाची हे लिहिलं जातं. दोन फाइलींच्या घड्याळांत फरक असेल तर ॲप पुढेच जात नाही. आणि रोज एक रेषा जाताना आणि येताना, दोन्हीकडून चालायची, म्हणजे सरकलेलं असेल तर लगेच दिसतं.

काकांची बोअर नव्या खुणेवर झाली. पाणी लागलं. भरपूर नाही, पण लागलं. त्यांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. फोन ठेवल्यावर मी पहिल्यांदा जुनी फाइल उघडली आणि पहिल्या खुणेची जागा पुन्हा एकदा बघितली. १८ मीटर. ती फाइल मी अजून डिलीट केलेली नाही.